अपॅची टिका

हा लेख संगणक सॉफ्टवेअरविषयी आहे. ग्रंथावरील भाष्य या अर्थाच्या ‘टीका’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

अपॅची टिका हे निरनिराळ्या स्वरूपांच्या फाइलींमधून मजकूर आणि फाइलीविषयीची माहिती काढून देणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते जावा भाषेत लिहिलेले असून अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली विकसित केले जाते. टिकाला एक हजाराहून अधिक प्रकारच्या फाइली ओळखता येतात. मूळचे शोधयंत्रांसाठी तयार झालेले हे साधन आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटांना ईमेलसोबतच्या संलग्न फाइली वाचता याव्यात, यासाठीही उपयोगात आणले जाते.

इतिहास

टिकाचा उगम ‘नच’ या मुक्त स्रोत शोधयंत्राच्या कामात आहे. वेबवरील पानांबरोबरच पीडीएफ, वर्ड इत्यादी फाइली वाचण्याची सोय इतर प्रकल्पांनाही वापरता यावी, म्हणून हा भाग स्वतंत्र करण्यात आला. टिका २००७ मध्ये अपॅचीच्या इन्क्युबेटरमध्ये दाखल झाले, २००८ मध्ये ल्युसीनचा उपप्रकल्प बनले आणि २०१० मध्ये त्याला स्वतंत्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याची १.० ही आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रिस मॅटमन आणि युक्का झिटिंग हे त्याच्या सुरुवातीच्या विकसकांपैकी होत.

ईमेल आणि संलग्न फाइली

ईमेलची मूळ रचना केवळ साध्या मजकुरासाठी होती. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ या मानकामुळे १९९२ पासून ईमेलसोबत चित्रे, ध्वनी व इतर फाइली पाठवणे शक्य झाले. अशी फाइल बहुधा ‘बेस६४’ पद्धतीने अक्षरांत रूपांतरित केली जाते. तीत मूळच्या दर तीन बाइटांसाठी चार अक्षरे लागत असल्याने आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे संलग्न फाइल वाचण्यासाठी प्रथम ईमेलचे भाग वेगळे करणे, नंतर प्रत्येक भाग मूळ रूपात आणणे आणि शेवटी त्याचा प्रकार ओळखून मजकूर काढणे, असे तीन टप्पे पार करावे लागतात.

कार्यपद्धती

टिका केवळ फाइलीच्या नावावर विसंबून राहत नाही. फाइलीच्या आरंभीच्या बाइटांवरूनही तिचा प्रकार ठरवला जातो. वर्डची आधुनिक फाइल प्रत्यक्षात झिप संचच असल्यामुळे अशा वेळी आतील रचनाही तपासावी लागते. प्रकार निश्चित झाल्यावर काम त्या प्रकारच्या वाचकाकडे सोपवले जाते. पीडीएफसाठी ‘पीडीएफबॉक्स’, मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फाइलींसाठी ‘पीओआय’ आणि चित्रांतील अक्षरांसाठी ‘टेसरॅक्ट’ यांचे साहाय्य घेतले जाते. ईमेलमध्ये झिप, झिपमध्ये वर्ड आणि वर्डमध्ये चित्र अशी एकात एक गुंतलेली रचनाही टिका थरांमागून थर उलगडत वाचते.

उपयोग

२०१६ मधील ‘पनामा पेपर्स’ प्रकरणात शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने टिकाचा वापर केला. त्या संग्रहात १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते आणि त्यांपैकी सुमारे ४८ लाख ईमेल होते. भारतातून इंडियन एक्सप्रेस हे वृत्तपत्र या शोधकार्यात सहभागी होते.

मोठी भाषिक प्रतिमाने प्रामुख्याने मजकुरावर काम करतात. म्हणून एजंटाला बिल, करारपत्र किंवा अर्ज सोपवण्यापूर्वी अनेकदा त्यातील मजकूर काढून घेतला जातो. ‘स्प्रिंग एआय’ आणि ‘लँगचेन४जे’ या जावा साधनांत त्यासाठी टिकाची जोडणी उपलब्ध आहे.

मर्यादा

मजकूर काढताना पानाची मांडणी बरीचशी नाहीशी होते. तक्त्यातील रकाने विस्कळीत झाल्यास कोणती रक्कम कोणत्या नावापुढची, हे समजणे कठीण जाते. मराठी दस्तऐवजांत आणखी एक अडचण येते. श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. मात्र फाइलीत रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असल्याने काढलेला मजकूर निरर्थक ठरतो. अशा वेळी फाँट-रूपांतर करावे लागते किंवा पानाचे चित्र करून ते टेसरॅक्टकडून वाचून घ्यावे लागते. टेसरॅक्टसाठी मराठीची भाषासामग्री उपलब्ध आहे.

सुरक्षितता

संलग्न फाइल अनोळखी व्यक्तीकडूनही येऊ शकते, त्यामुळे ती वाचणारे सॉफ्टवेअरच हल्ल्याचे लक्ष्य बनते. २०२५ मध्ये टिकाच्या पीडीएफ वाचनात गंभीर त्रुटी आढळली. विशिष्ट रीतीने रचलेल्या पीडीएफद्वारे संगणकावरील गोपनीय माहिती वाचता येण्याचा धोका तीत होता. ३.२.२ या आवृत्तीत ती दुरुस्त करण्यात आली.

एजंटांच्या बाबतीत निराळाही धोका संभवतो. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली सूचना माणसाला दिसत नाही. परंतु मजकूर काढताना रंग गळून पडतो आणि ती सूचना इतर वाक्यांच्या बरोबरीने एजंटापुढे येते. ती वापरकर्त्याचीच आज्ञा समजून एजंटाने पाळल्यास खासगी पत्रव्यवहार बाहेर जाऊ शकतो. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमध्ये उघड झालेली ‘एकोलीक’ ही त्रुटी याच जातीची होती; तीत हल्ल्याची सूचना ईमेलमध्येच दडवता येत असे. टिका मजकूर काढते, त्याची विश्वासार्हता तपासत नाही. म्हणून वाचनाची प्रक्रिया उर्वरित यंत्रणेपासून अलग ठेवणे, एजंटाला मोजकेच अधिकार देणे आणि पत्र पाठवणे किंवा पैसे देणे यांसारख्या कृतींपूर्वी माणसाची संमती घेणे, हे उपाय सुचवले जातात.

हेही पाहा

• माइम
• मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
• युनिकोड
• पनामा पेपर्स