नकाराची किंमत

शिरगावच्या आमच्या घरी वडिलांचा एक जुना पासपोर्ट जपून ठेवला आहे. तो कुठे चालेल हे लिहिताना त्यात एक देश मुद्दाम वगळलेला आहे: दक्षिण आफ्रिका. लहानपणी मी विचारलं, ''तिथे जायला का हो मनाई?'' वडील म्हणाले, ''कातडीचा रंग पाहून जे माणसाला दाराबाहेर उभं करतात, त्यांच्याकडे आपलं काय काम?''

या मनाईचे मूळ १९४६ सालात आहे. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारावर गेले. मागोमाग व्यापारी गेले. त्यांच्या वंशजांनी जमीन कुठे घ्यावी, राहावे कुठे, यावर तिथल्या सरकारने १९४६ साली कायद्याने नवी बंधने घातली. त्या वेळी तेथे हिंदुस्थानचे हायकमिशनर होते आपल्या वऱ्हाडचे रामराव देशमुख. त्यांना परत बोलावण्यात आले आणि जुलैत व्यापारबंदी लागू झाली. राज्य अजून इंग्रजांचेच होते. पण लोकमताचा रेटा मोठा होता. आपल्या निर्यातीपैकी शेकडा पाचांहून थोडा अधिक माल तिकडे जाई. तो धंदा आपण आपल्या हातांनी सोडला.

प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला. जनरल स्मट्स म्हणाले, हा आमचा घरगुती मामला आहे. विजयालक्ष्मी पंडितांनी हिंदुस्थानची बाजू मांडली आणि ८ डिसेंबरला ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत झाला. पुढे १९७४ साली डेव्हिस कपची अंतिम लढतही भारताने खेळायचे नाकारले. राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली.

पण मग कुणी विचारील, ''तुमच्या घरचं काय?'' प्रश्न बोचरा आहे, आणि रास्तही आहे. १९२७ साली केपटाऊन करार झाला, हिंदी लोकांना तिथे थोडा तरी न्याय मिळेल अशी आशा वाटली. त्याच वर्षी महाडला डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला! तिथे रंग आडवा येत होता, इथे जात.

म्हणून आपण परक्या अन्यायाविरुद्ध बोलायचेच नाही का? तसे मुळीच नाही. मात्र जगापुढे उच्चारलेला शब्द आधी आपल्यालाच बांधतो. वडिलांचं ते वाक्य मला आजही आठवतं, आणि वाटतं, आपल्या दाराबाहेर कुणी उभं नाही ना, हे आधी पाहावं.