दोन झोळ्यांमधले अंतर

रानात मुक्कामाला गेलेल्या दोघांनी दोन झाडांच्या मध्ये शेजारी शेजारी दोन हॅमॉक बांधले, तर पहिला अनुभव बहुधा फजितीचा येतो. रिकामे असताना नीट दूर दिसणारे झोळ माणसे आत शिरताच एकमेकांकडे सरकतात आणि दोघांचे खांदे एकमेकांना भिडतात. कारण साधे आहे. चारही टोके त्याच दोन बुंध्यांना बांधलेली असली, तर वजन दोघांनाही एकाच उभ्या रेषेखाली आणू पाहते. यावर उपाय तीनच. दोन्ही झोळांच्या टोकांमध्ये एकेक आडवी काठी बांधून त्यांना अलग ठेवायचे. पायांकडे एक सामाईक झाड आणि डोक्याकडे दोन वेगळी झाडे निवडायची. किंवा एकाला वर आणि दुसऱ्याला खाली टांगायचे. कोणताही मार्ग पत्करला तरी प्रत्येक झोळाचा दोर स्वतंत्रपणे कमीजास्त करता यायला हवा, कारण दोन माणसांची वजने आणि उंची सारखी नसतात.

दोर किती ताणावा यालाही एक हिशेब आहे. दोर क्षितिजाशी तीस अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो. सत्तर किलोच्या माणसासाठी तो सत्तर किलो. झोळ सपाट व्हावा या हौसेने दोर ओढून कोन दहा अंशांवर आणला, तर तोच ताण दोनशे किलोपर्यंत जातो. दोर, गाठ आणि झाडाची साल या तिघांवरही मग संकट येते. सपाट झोपण्याची खरी युक्ती दोर ताणण्यात नसून सैल झोळात तिरपे पडण्यात आहे, हे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील मूळ रहिवाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

हा तपशील साहित्याच्या वाचकांसमोर मांडण्याचे कारण असे की, हॅमॉकचा पाचशे वर्षांचा इतिहास वाचताना एक प्रश्न सतत समोर येतो. झोपणाऱ्या दोन माणसांमधले अंतर कोण ठरवतो, आणि दोराचे टोक कोणाच्या हाती असते? या वस्तूचे कौतुक करणाऱ्या बहुतेक लेखनात शोध, प्रवास आणि आराम यांची कथा असते. हा प्रश्न मात्र तेथे क्वचितच विचारला जातो.

कोलंबसाची तुकडी १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांपैकी एकावर उतरली. त्यानंतर पाचच दिवसांनी त्याच्या रोजनिशीत तेथील लोकांच्या बिछान्यांची नोंद येते. कापसाच्या जाळ्यांसारख्या वस्तूंवर हे लोक झोपतात, असे तो लिहितो. ३ नोव्हेंबरच्या नोंदीत, क्यूबाच्या किनाऱ्यावर, त्या जाळ्यांचे नावही येते : हामाका. ही रोजनिशी मूळ रूपात उरलेली नाही. ती बार्तोलोमे दे लास कासास यांनी केलेल्या सारांशातून आपल्यापर्यंत पोहोचली. म्हणजे हा शब्द आपल्याला मिळाला तोही त्या लोकांच्या विनाशाची साक्ष लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या हातून.

ते लोक म्हणजे ताइनो. त्यांच्या भाषेतले मोजकेच शब्द जगभर पसरले, आणि आपण ते नकळत वापरत असतो. वादळासाठी इंग्रजीतून आलेला आणि आपल्याकडे कंदिलाच्या नावात राहिलेला ‘हरिकेन’ त्यांचाच, ‘बार्बेक्यू’ही त्यांचाच. सर्वांत घरगुती उदाहरण म्हणजे ‘बटाटा’. ‘बाताता’ हा ताइनोंचा रताळ्यासाठीचा शब्द. तो स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी आला, आणि पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरून मराठीत स्थिरावला. शब्दाने समुद्र ओलांडला. ज्यांनी तो घडवला त्यांच्यावर मात्र त्याच काळात काय ओढवले, हे पाहण्यासारखे आहे.

१४९५ मध्ये कोलंबसाने हिस्पान्योला बेटावर खंडणी लावली. सोन्याच्या प्रदेशातील चौदा वर्षांवरील प्रत्येकाने ठरावीक मुदतीत ठरावीक सोने आणून द्यायचे, आणि जेथे सोने नाही तेथील माणसाने एक आरोबा, म्हणजे सुमारे साडेअकरा किलो, कापूस द्यायचा. ज्या कापसातून घरातल्या माणसांसाठी झोळ विणले जात होते, तोच कापूस आता मोजून द्यावा लागणार होता. पुढे सक्तीची मजुरी, उपासमार आणि १५१८ नंतर देवीची साथ यांनी पन्नासएक वर्षांच्या आत हा समाज मोडून पडला. ताइनो पूर्णपणे नामशेष झाले असे आता म्हटले जात नाही. कॅरिबियन बेटांवर त्यांचा वंश आणि वारसा सांगणारे लोक आजही आहेत. परंतु त्यांची गावे, त्यांची भाषा आणि त्यांच्या घरांतली झोपण्याची व्यवस्था त्यांच्या हाती राहिली नाही.

ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने १५३५ मध्ये सेव्हिल येथे छापलेल्या ग्रंथात दोन झाडांना बांधलेल्या हामाकाचे लाकडी ठशातले चित्र दिले. त्याने दोरांचीही दखल घेतली. झोळ कापसाचा, पण दोर मात्र काबुया किंवा हेनेकेन या राठ तंतूंचे. त्या दोरांना नाव ‘हिको’. कॅरिबियन प्रदेशातील स्पॅनिशमध्ये हा शब्द अजून ऐकू येतो. झोळाला एक नाव आणि दोराला वेगळे नाव, यावरूनच कळते की, त्या लोकांच्या लेखी दोर ही दुय्यम गोष्ट नव्हती. ओव्हिएदोला मात्र त्यात युरोपच्या सैन्याची सोय दिसली. हिवाळ्यात जमिनीवर झोपून सैनिक मरतात, त्यापेक्षा हे बरे, असे त्याचे मत. परक्याची वस्तू पाहिल्यावर तिचा लष्करी उपयोग पहिल्यांदा सुचावा, हा त्या शतकाचा स्वभावच होता.

ब्राझीलमधली कहाणी थोडी निराळी आणि आपल्या किनाऱ्याशी अनपेक्षितपणे जोडलेली आहे. १५०० साली काब्रालचे पोर्तुगीज आरमार भारताकडे निघाले असता ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. आरमारातील लेखनिक पेरो वाझ द कामिन्या याने १ मे रोजी राजाला लिहिलेल्या पत्रात तेथील लांबलचक घरांचे वर्णन केले आहे. आत खांब, खांबापासून खांबापर्यंत दोरांनी उंच बांधलेली जाळी, आणि ऊब मिळावी म्हणून खाली पेटवलेली छोटी शेकोटी. एका छताखाली अनेक झोळ आणि प्रत्येकाखाली आपापला विस्तव, असे ते अंतर होते. तूपी लोकांचा शब्द कामिन्याला ठाऊक नव्हता. मासे पकडण्याच्या जाळ्यासारखे दिसले म्हणून त्याने ‘रेद’, म्हणजे जाळे, हा शब्द वापरला, आणि ब्राझीलमध्ये तोच रूढ झाला. पत्र लिहून कामिन्या पुढे कालिकतला आला. तेथील पोर्तुगीज वखारीवर डिसेंबर १५०० मध्ये झालेल्या हल्ल्यात तो मारला गेला, असे मानले जाते. झोळाला पोर्तुगीज नाव देणाऱ्या माणसाचा शेवट मलबारच्या किनाऱ्यावर झाला.

नावांची गंमत युरोपात पुढेही चालू राहिली. डच लोकांनी परका शब्द ऐकून त्याचे ‘हांगमात’ केले, जर्मनांनी ‘हेंगेमाटे’. दोहोंचा अर्थ टांगलेली चटई. शब्द आपलाच वाटू लागला आणि त्याचे मूळ बुजले. आपल्या ‘झोपाळा’ या शब्दात आपल्याला ‘झोप’ ऐकू येते, व्युत्पत्ती काहीही असो. तसाच हा प्रकार. लोकव्युत्पत्ती परक्या शब्दाला घरात घेते, पण घेताना त्याचा जन्मदाखला हरवून टाकते.

आता जहाजांकडे वळू. इंग्लंडच्या आरमाराने १५९७ मध्ये खलाशांसाठी टांगते बिछाने मान्य केले. ओल्या फळ्यांवर झोपण्यापेक्षा ते आरोग्याला बरे, हे तर खरेच होते. पण येथे हॅमॉकचे स्वरूप बदलले. कापसाच्या विणीऐवजी जाड कॅनव्हास आला. दोन्ही टोकांना बारीक दोऱ्यांचा पंखा, त्याला कडी, आणि कडीतून तुळईवरच्या आकड्यापर्यंत जाणारा दोर. प्रत्येक खलाशाला मिळणारी रुंदी ठरली चौदा इंच. समुद्रात असताना निम्मे खलाशी पहाऱ्यावर असत आणि शेजारचा झोळ रिकामा राही, म्हणून प्रत्यक्षात अठ्ठावीस इंच मिळत; बंदरात मात्र चौदाच. सर्व झोळ जहाजाच्या लांबीच्या दिशेने टांगलेले असल्यामुळे ते एकाच लयीत झुलत आणि एकमेकांवर आदळत नसत. प्रत्येकाला क्रमांक, तुळईवरच्या जागेलाही क्रमांक. सकाळी हुकूम होताच झोळ गुंडाळून सात वेढे देऊन बांधायचा आणि वर नेऊन जहाजाच्या कठड्यावरच्या जाळीत रचायचा. युद्धात तीच शत्रूच्या गोळ्यांपुढची भिंत. खलाशी समुद्रात मेला, तर त्याच झोळात शिवून पायाशी तोफगोळे बांधून त्याला पाण्यात सोडत. बिछाना, ढाल आणि कफन ही तिन्ही कामे त्या एकाच कापडाने केली. दोर कमीजास्त करण्याची सोय त्यातही होती, परंतु शेजाऱ्यापासूनचे अंतर ठरवणे खलाशाच्या हाती नव्हते.

याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो. १७८८च्या ब्रिटिश कायद्यानंतर ब्रूक्स नावाच्या गुलामवाहू जहाजाची आकृती दासव्यापाराच्या विरोधकांनी छापून सर्वत्र पोहोचवली. तीत प्रत्येक बंदिवान पुरुषासाठी सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा आखलेली आहे. केवळ इंच मोजले, तर खलाशापेक्षा दोन इंच जास्त. तुलना इथेच थांबवली तर ती खोटी ठरेल. खलाशी टांगलेला होता, बंदिवान फळीवर बेड्यांत होता. खलाशाच्या शेजारची जागा पहाऱ्यामुळे रिकामी होत होती, बंदिवानाच्या शेजारची रिकामी झाली तर ती बहुधा मृत्यूनेच. अंतराचा अर्थ केवळ मापात नसतो. उठून जाता येते की नाही, यावर तो ठरतो. अटलांटिकच्या त्याच पाण्यावर ताइनोंचा बिछाना खलाशांना मिळाला आणि त्या बेटांवर ताइनोंच्या जागी राबण्यासाठी आणलेल्या आफ्रिकी माणसांना तो नाकारला गेला.

ब्राझीलच्या लोकसंस्कृतीचे अभ्यासक लुईस दा कामारा कास्कूदो यांनी १९५९ मध्ये ‘रेदे दे दोर्मीर’ हे पुस्तक केवळ या एका वस्तूवर लिहिले. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात गरिबाचा जन्म, झोप आणि अंत्ययात्रा ही सारी रेदेमध्येच होत असे. शवपेटी परवडत नसे, म्हणून प्रेत रेदेत ठेवून, आडव्या बांबूला टांगून दोघे खांद्यावरून नेत. पोर्तिनारीने १९४४ मध्ये ‘रेदेतले दफन’ हे चित्र काढले. जोआंव काब्राल दे मेलो नेतो यांच्या ‘मोर्ते ए व्हीदा सेव्हेरीना’ या पद्यनाट्यात दुष्काळातून किनाऱ्याकडे निघालेल्या सेव्हेरीनोला वाटेत पहिल्यांदा भेटतात ते असेच प्रेत वाहणारे दोघे जण. दोन झाडांच्या जागी दोन माणसांचे खांदे आले, एवढाच फरक.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. सातपुड्यातल्या आणि सह्याद्रीतल्या ज्या पाड्यांपर्यंत रस्ता पोहोचलेला नाही, तेथून आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतूनच खाली आणावे लागते. ऊसतोडीच्या फडाशेजारी झाडाला बांधलेली लुगड्याची झोळीही आपल्या ओळखीची आहे. तीत मूल झोपलेले असते. भिक्षेकऱ्याच्या खांद्यावर असते तीही झोळीच. या झोळीचा ताइनोंच्या हामाकाशी काही ऐतिहासिक संबंध आहे, असे मला म्हणायचे नाही. कापड आणि दोर एवढेच हाताशी असलेल्या माणसांना दोन ठिकाणी एकच उत्तर सुचू शकते. पण म्हणूनच ‘हॅमॉक’ हा शब्द आपल्याकडे सहलीच्या सामानातून आला, आणि ‘झोळी’ हा शब्द अभावाच्या बाजूला राहिला, या विभागणीकडे लक्ष द्यायला हवे.

आजच्या मुक्कामी हॅमॉकचा दोर बहुधा पोकळ विणीचा, कृत्रिम धाग्याचा असतो. दोराचे टोक त्याच्याच पोटातून ओवून एक फास करतात. हाताने सरकवला तर तो लहानमोठा होतो. वजन पडताच पोकळ वीण आवळते आणि आतला दोर जागच्या जागी घट्ट धरला जातो. हेच तत्त्व ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ‘तिपिती’ या विणलेल्या लांब नळीत आहे. कडू कसाव्याचा कीस तिच्यात भरून नळी खाली ओढली की ती आवळते आणि विषारी रस पिळून निघतो. एकाने दुसऱ्याकडून ते उचलले असा दावा करता येणार नाही. मात्र ओढल्यावर घट्ट होणारी वीण म्हणजे नव्या काळाचा शोध, असे समजण्याचेही कारण नाही.

रानातल्या त्या दोघांकडे परत येऊ. आडवी काठी बांधून झाली, चारही दोर हळूहळू सोडत-आवळत दोन्ही झोळ एका पातळीवर आले, आणि आता हात लांबवला तर हाताला हात लागेल, पण खांद्याला खांदा लागणार नाही, एवढे अंतर राहिले. हे अंतर त्या दोघांनी आपसात ठरवले. कोणी चौदा इंच नेमून दिले नाहीत, कोणी क्रमांक दिला नाही. ज्यांच्या घरात ही साधी मोकळीक रोजची होती, त्यांच्याकडून ती वस्तू घेताना हीच मोकळीक काढून घेतली गेली. दोर कमीजास्त करताना एवढे आठवले, तरी तो शब्द वापरण्याचे थोडेसे ऋण फिटेल.