तगरची गाडीवाट आणि पॉम्पेईचे द्राक्षमळे

1938 साली इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात, शहराच्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात हस्तिदंतात कोरलेली एक बाई सापडली. उंचीला वीतभराहून थोडी जास्त. कमरेला मेखला, पायांत थरावर थर चढवलेले वाळे, हातभर बांगड्या. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या लमाण तांड्यावर म्हाताऱ्या बाईच्या हातात असाव्यात तशा. एका पायावर दुसऱ्या पायाची तिढी घालून ती उभी आहे, हात साजशृंगारात गुंतलेले आहेत, आणि दोन्ही अंगांना शृंगाराची भांडी घेऊन दोन लहानशा दासी तिला बिलगून आहेत. मूर्तीच्या आत वरून खालपर्यंत भोक पाडलेले आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय, असे अंदाज बांधले गेले.

आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली तेव्हा पॉम्पेईचे काम चालू होते. मूर्ती भारतीय आहे हे लगेच कळले, म्हणून तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे बहुतेक अभ्यासकांनी ती यक्षी असल्याचे मत दिले. ज्या घरात ती सापडली त्याला आज ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणतात, आणि ती स्वतः नेपल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तिच्या नात्यातल्या दोन मूर्ती महाराष्ट्रात सापडल्या आहेत. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, 1973 च्या उत्खननात, खंडित अवस्थेत. दुसरी तेरला. भूमहून सकाळी निघाले तर धाराशिवमार्गे दुपारच्या आत जिथे पोचता येते, त्या तेरला.

पॉम्पेई तेव्हा समुद्राकाठी होते. आज किनारा दूर सरकलेला दिसतो, कारण इ.स. 79 मध्ये वेसुव्हियस फुटला तेव्हा त्याच्या राखेने शहर गाडले आणि किनाराही पुढे ढकलला. पण पश्चिमेच्या वेशीचे नाव अजून ‘सागरी वेस’ असेच आहे. दहा-बारा हजार वस्तीचे, उन्हात न्हालेले, नेपल्सच्या आखातावरचे हे सुखवस्तू गाव. इसवी सनापूर्वी 70 च्या सुमारास बांधलेले तिथले दगडी अँफिथिएटर त्या प्रकारच्या ज्ञात बांधकामांपैकी सर्वांत जुन्यांत मोजले जाते. शहरातले मोठे घर मराठवाड्यातल्या माणसाला मुळीच परके वाटत नाही. बाहेरून रस्त्याला पाठ केलेल्या भिंती, आत आकाशाला उघडा चौक, चौकाच्या मधोमध पावसाचे पाणी धरणारे कुंड, भोवती सोपे आणि खोल्या. चौसोपी वाड्याच्या ओसरीवर वाढलेला माणूस तिथे डोळे मिटून वावरेल.

आणि वाइन. वेसुव्हियसच्या उतारावरची काळी, भुसभुशीत माती द्राक्षाला मानवते. पॉम्पेईकरांनी तटाच्या आत, थेट अँफिथिएटरशेजारीसुद्धा द्राक्षमळा केला होता. विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन संशोधक बाईंनी तो शोधून काढला. कुजलेल्या मुळांनी राखेत सोडलेल्या पोकळ्या त्यांनी भरून घेतल्या आणि वेलींच्या ओळीच्या ओळी पुन्हा डोळ्यांसमोर उभ्या केल्या. शहराबाहेर बोस्कोरेआले इथल्या एका शेतवाड्यात 18 मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले आहेत. आपल्याकडे पेवात ज्वारी राहायची, तिथे रांजणात द्राक्षाचा रस राहायचा, मुरायचा. एका पॉम्पेईकर दुकानाच्या भिंतीवर भावच लिहून ठेवला आहे: एका नाण्यात साधी वाइन, दोन नाण्यांत तिच्याहून चांगली, चार नाण्यांत फालेर्नियन. फालेर्नियन म्हणजे त्याच कॅम्पानिया प्रांतातली, सगळ्या रोमन जगात नावाजलेली वाइन. पिताना ती पाण्यात मिसळून प्यायची रीत होती.

ही वाइन घरच्या गिऱ्हाइकापुरती नव्हती. अँफोरा नावाच्या दोन कानांच्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या मातीच्या बरणीत ती भरली जाई. आतून डांबरासारखा राळेचा लेप, तोंडाला बूच. एका बरणीत साधारण 26 लिटर. बूड टोकदार असल्याने अँफोरा जमिनीवर उभा राहत नाही, पण गलबताच्या पोटात एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचे टोक असे थरावर थर लावले की लाटांनी हलत नाही. नेपल्सच्या आखाताकाठी भाजलेल्या या बरण्यांच्या मातीत काळी, चकाकणारी ज्वालामुखीची वाळू असते. भारताच्या किनाऱ्यावर जे रोमन खापर सापडते त्यातल्या काही तुकड्यांत हीच काळी वाळू ओळखू आली आहे.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते, कारण तेरभोवतीच्या बालाघाटचीही माती ज्वालामुखीची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी काळी रेगूर झाली तिने कापूस पोसला. वेसुव्हियसच्या मातीने द्राक्ष दिले, दख्खनच्या मातीने कापूस, आणि दोन्ही मातींच्या पिकांनी समुद्रावर एकमेकांना गाठले.

त्या गाठीभेटीचा साक्षीदार म्हणजे ‘पेरिप्लस’. पहिल्या शतकाच्या मध्यास, पॉम्पेई अजून नांदते असताना, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची ही माहितीवही लिहिली. त्याचे नाव आपल्यापर्यंत आले नाही, पण माणूस हिशेबी आणि डोळस. भरुच, त्याच्या भाषेत बारिगाझा, या बंदरात काय खपते याची यादी तो देतो, तेव्हा पहिले नाव वाइनचे येते. त्यातही इटलीच्या वाइनला पसंती, मग सीरियातल्या लाओदिकेची, मग अरबस्तानची. पुढे तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी वेगळी यादी: चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची कपडे आणि उत्तम वाइन. इथून जाणाऱ्या मालात हस्तिदंत, गोमेद, सुती कापड, लांब पिंपळी.

मग तो किनारा सोडून आत वळतो. भरुचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर. या गावांहून गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून माल भरुचला येतो: पैठणचा गोमेद, तगरचे जाडेभरडे कापड, तलम कापड, शिवाय तगरला समुद्राकडच्या भागांतून येऊन जमा होणारा इतर माल. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आहे.

तगर म्हणजे आजचे तेर, आणि दहा दिवस हा आकडा हिशेबाला टिकतो. तेर ते पैठण सरळ रेषेत दीडशे किलोमीटर भरते. वाट वळणाची, मध्ये बालाघाटची उतरण, भरल्या गाडीचे बैल. दिवसाला पाच-सहा कोस चालले तर दहावा मुक्काम पैठणला पडतो. दिशा मात्र पूर्वेपेक्षा आग्नेयेची, आणि त्यामुळे तगर नेमके कोणते यावर विद्वानांनी बराच काळ वाद घातला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. अखेर जॉन फ्लीट यांनी 1901 मध्ये तेर म्हणजेच तगर असे मांडले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेरला येऊन इथल्या त्रिविक्रमाच्या देवळाचा मूळ आकार ओळखला. मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छप्पर. कार्ले-भाज्याला डोंगर पोखरून केलेली चैत्याची घडण इथे विटांत उभी आहे, आणि म्हणून या वास्तूला बौद्ध चैत्यगृह मानले गेले. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटांसाठीही तेर प्रसिद्ध आहे.

नकाशा समोर ठेवला की एक प्रश्न मात्र पडतो. तेरचा माल इतक्या लांब भरुचला कशासाठी? कल्याण आणि सोपारा जवळ होती. जुन्नरवरून नाणेघाट उतरला की कोकण. त्या घाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही.

उत्तर राजकारणात आहे आणि तेही पेरिप्लसकाराने लिहून ठेवले आहे. कल्याण पूर्वी रीतसर बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादे ग्रीक गलबत कल्याणला लागलेच, तर त्याला पहाऱ्यात भरुचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा तो काळ. भरुचवर नहपान क्षत्रपाचा अंमल होता, आणि नाक्यावर ज्याचा हात त्याच्या पेटीत जकात. तगरच्या गाडीवानाला या भांडणात काही बोलायचा अधिकार नव्हता. त्याची वाट तेवढी लांबली.

समुद्रावरची वाटही सोपी नव्हती. नेपल्सच्या आखातातून गलबत अलेक्झांड्रियाला, तिथून होडीने नाईलवर कॉप्टोसपर्यंत, मग उंटांवरून बारा दिवसांचे वाळवंट, मग तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके. तिथून जुलैत शीड उभारायचे आणि आपल्या पावसाळ्याचा वारा पाठीशी घेऊन अरबी समुद्र कापायचा. भूमच्या शेतकऱ्याने ज्या वाऱ्याकडे डोळे लावून पेरणी करायची, त्याच वाऱ्यावर वाइनची गलबते येत. भरुचच्या खाडीत भरती-ओहोटीचा जोर इतका की परदेशी खलाशांचा थरकाप होई. म्हणून राजाचे नोकर असलेले कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन बाहेर येत आणि जहाजाला वाट दाखवत, गरज पडली तर ओढून आत आणत. परतीला ईशान्येचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्यांचा मुक्काम इथेच. हे ‘यवन’, म्हणजे पश्चिमेकडून आलेले व्यापारी, किनाऱ्यापुरते राहिले नाहीत. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर त्यांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत.

वाइन घाटावर पोचली का? नेवाशाला 1954 पासूनच्या उत्खननात अँफोऱ्यांचे तुकडे निघाले आहेत. त्याहून बोलका पुरावा कोल्हापूरचा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1944-45 च्या सुमारास एक भांडारच हाती लागले. त्यात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती होती, जी आता कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, आणि सोबत वाइन ओतण्याचा काशाचा बुधला. असे बुधले कॅम्पानियात घडत. पॉम्पेईच्या मेजवानीत फिरणारे भांडे पंचगंगेच्या काठी कुणा सातवाहनकालीन धनिकाच्या घरी होते.

तेरच्या मातीतून वेगळी गोष्ट निघाली. पुरातत्त्वज्ञ चापेकरांच्या 1958 च्या उत्खननाने आणि त्यानंतरच्या कामाने इथली सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. रोमन धाटणीचे मातीचे दिवे, रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदके, पांढऱ्या केओलिनच्या, दुहेरी साच्यात घडवलेल्या नाजूक मूर्ती. बाहेरून आलेली नवी वस्तू हातात पडली की तेरच्या कुंभाराने तिची घडण निरखली आणि आपल्या मातीत उतरवली. त्या कारागिराविषयी मनापासून आदर वाटतो. याच गावात तेराव्या शतकात गोरोबाकाका माती तुडवत होते, आणि तेर आज महाराष्ट्राला त्यांच्या समाधीमुळे ठाऊक आहे.

पॉम्पेईची बाई नेमकी कुठली, यावर अजून एकमत नाही. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतले एक अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येची. म्हणून काही जण तिला तिकडची मानतात, तर तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी असलेले साम्य पाहून काहींना ती दख्खनची वाटते. भोकरदनच्या कारागिराने कोरली आणि पुढे वायव्येच्या व्यापाऱ्याच्या हातून गेली, असेही घडू शकते. कोणत्याही वाटेने गेली तरी घरात तिला जपून ठेवणारे कुणी होते, एवढे दिसते.

रोममध्ये या व्यापाराने कपाळाला आठ्या पडत. थोरला प्लिनी लिहितो की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स नाण्यांहून कमी नेत नाही. हाच प्लिनी मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता. वेसुव्हियस फुटला तेव्हा तो लोकांना वाचवायला जहाजे घेऊन निघाला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मेला. स्फोटाची तारीख परंपरेने ऑगस्टची सांगतात. पण 2018 मध्ये पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरची तारीख सापडली आणि स्फोट शरद ऋतूत झाला असावा हे मत बळावले. द्राक्षांचा रस रांजणांत भरून झाकलेला होता, हाही त्याच बाजूचा पुरावा. त्या वर्षाचे पीक कुठेच गेले नाही.

रोमशी व्यापार ओसरला तसे तगरही मागे पडले. नाव मात्र टिकले. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. इतक्या दूर बसलेल्या राजांना आपले मूळ तेरणेच्या काठी सांगण्यात भूषण वाटे.

तेरच्या पांढरीतून वर येणारे मणी, खापरे, मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, सांभाळल्या आणि शेवटी शासनाच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही तिथेच ठेवली आहे. पॉम्पेईच्या फरसबंद रस्त्यांवर चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या बघायला जगभरचे लोक जातात. तेरच्या गाड्यांची चाकोरी काळ्या मातीत होती, ती पहिल्या नांगरटीत बुजली. उरली ती काचेच्या पेटीतली बोटभर मापाची यक्षी, हातभर बांगड्या घातलेली, नेपल्सच्या बाईची धाकटी बहीण शोभेल अशी.