कुंडलिकेच्या काठाने : उगमापासून मुखापर्यंत



एखादा देश पाहावयाचा म्हणजे नेमके काय पाहावयाचे, असे कुणी विचारले तर साधारणपणे तीन गोष्टी सांगितल्या जातात : तेथील धर्मस्थाने, तेथील ऐतिहासिक वास्तू आणि तेथील निसर्ग. या तिन्ही गोष्टींसाठी आपण लांबलांबचे प्रवास करतो. कुटुंबासह अजमेरला जातो, दिल्ली-आग्रा पाहून येतो. शाळेची सहल निघाली तर महाबळेश्वर नाहीतर वेरूळ-अजिंठा ठरलेले असते. हे सर्व अवश्य पाहावे. परंतु जी नदी आपल्या कोलाडवरून वाहते, जिच्या पाण्यावर आपली भातशेती पिकते, ती कुंडलिका उगमापासून मुखापर्यंत पाहिलेला विद्यार्थी मात्र वर्गात विरळाच भेटतो. वरच्या तिन्ही गोष्टी या एकाच नदीच्या काठी आहेत, आणि शिवाय आपल्या समाजाच्या दृष्टीने अतिशय मोलाची अशी एक चौथी गोष्टही आहे. ती कोणती हे नदीच्या मुखाशी पोचल्यावर सांगतो. तोवर माझ्याबरोबर चला.

भिरा : डोंगरापलीकडचे पाणी

कोलाडहून सुतारवाडीच्या बाजूने वर गेले की वीस-पंचवीस किलोमीटरवर सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा हे गाव लागते. जवळच देवकुंडाचा धबधबा आहे. निसर्ग पाहावयाचा तर ही जागा फार सुंदर. पण पावसाळ्यात तितकीच धोक्याची. तेथे अनेकांचे प्राण गेले आहेत आणि त्या दिवसांत प्रशासनाकडून तेथे जाण्यास मनाई केली जाते. ती मनाई मुकाट्याने पाळावी.

भूगोलाच्या तासाला आपण शिकतो की कोकणातल्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. मग आपली कुंडलिका भर मे महिन्यातही वाहती कशी? याचे उत्तर भिऱ्याला मिळते. येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झाले. पुणे जिल्ह्यात मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली आणले जाते, त्यावर वीज तयार होते आणि नंतर ते पाणी कुंडलिकेत सोडले जाते. मुळेचे पाणी खरे म्हणजे पुण्याकडे, तेथून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जावयाचे. त्यातील काही भाग डोंगर ओलांडून आपल्या दारावरून अरबी समुद्राला जातो. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी रबरी नावांतून कुंडलिकेच्या प्रवाहावर स्वार होण्यासाठी येतात, तीही याच पाण्यासाठी. केंद्रातून पाणी सुटले की नदी जोरात धावते, बंद झाले की शांत होते.

परंतु या पाण्याला दुसरीही एक बाजू आहे. मुळशी धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते. याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिले. बायकामुलांसह मावळे या लढ्यात उतरले, अनेकांनी तुरुंगवास भोगला. अखेर लढा हरला आणि धरण झाले. भिऱ्याला उभे राहून पाणी पाहताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. आपल्या कालव्याला येणारे पाणी फुकट आलेले नाही. त्यासाठी डोंगरापलीकडच्या कुणाची तरी घरे-शेते बुडालेली आहेत.

कोलाड आणि रोहे

भिऱ्याहून निघालेले पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडते. तेथून कालव्यांना पाणी मिळते, आणि म्हणून आपल्या परिसरात उन्हाळी भाताचे दुसरे पीक घेता येते. कोलाड हे तसे नाक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो, पुण्याची ताम्हिणी घाटाची वाट येथूनच फुटते, आणि १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचे रोह्यानंतरचे पहिले स्थानक आपलेच. १९९९ सालापासून मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्याला नेण्याची सोय झाली. आपल्यातील किती तरी जण चाळीस वेळा हे ट्रक पाहतात. पण ते कोठून येतात व कोठे जातात याची चौकशी करणे, हाही एक अभ्यासच आहे.

पुढे धाटावची औद्योगिक वसाहत ओलांडली की रोहे. कारखान्यांनी येथे रोजगार दिला आणि नदीच्या पाण्याची काळजीही वाढविली. दोन्ही गोष्टी मुलांनी डोळ्यांनी पाहाव्यात. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्या त्यांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. ही प्रथा इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे आणि ती पाहण्यासाठी सर्व जातिधर्मांचे लोक जमतात. रोह्याभोवती अवचितगड, घोसाळगड, सुरगड असे किल्ले आहेत. ते येथे का, असा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. नकाशा पुढे ठेवला तर उत्तर सापडते : खाडीने येणारा माल घाटावर जावयाचा, त्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी हे पहारे बसविलेले होते.

रोह्याशी घराण्याचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. त्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. खेड्यातला मुलगा अभ्यासाच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, याचा दाखला आपल्याच नदीकाठी आहे.

नदीचे मुख : चौल, रेवदंडा, कोर्लई

रोह्याच्या पुढे नदीची खाडी होते. चणेऱ्यावरून साळावला पोचले, तेथील बिर्ला मंदिर पाहून खाडीवरचा पूल ओलांडला की रेवदंडा, आणि त्याला लागूनच चौल. आज येथे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. परंतु हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिशय जुने बंदर आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमूल’ येथील दात्यांची नावे आहेत. ते चेमूल म्हणजे हेच चौल. बौद्ध व्यापारी येथूनच लेण्यांना दान पाठवीत होते.

आता ती चौथी गोष्ट सांगतो. बगदादचा प्रसिद्ध इतिहासकार व प्रवासी अल्-मसूदी हिजरी सन ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास या बंदरात आला होता. अरब लोक त्याला ‘सैमूर’ म्हणत. आपल्या ‘मुरूज अल्-जहब’ या ग्रंथात त्याने लिहून ठेवले आहे की, येथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन, येथेच लग्ने करून स्थायिक झालेले लोक होते, आणि याच भूमीत जन्मलेलेही होते. येथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे वेगळे नावच होते. त्यांचे आपापसातील तंटे सोडविण्यासाठी राजाने मुसलमानांतूनच एक प्रमुख नेमलेला होता. हा राजा कोण? उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. तो शिवभक्त होता. त्याने १२ शिवमंदिरे बांधल्याचे त्याच्या घराण्याचे ताम्रपट सांगतात. बारा शिवालये बांधणाऱ्या राजाने परदेशाहून आलेल्या व्यापाऱ्यांना त्यांच्या धर्मासह राहू दिले, आणि त्यांनीही या भूमीत घरे केली. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्याच्याही साडेसातशे वर्षे आधीची ही हकिकत आहे.

याचा अर्थ आजच्या कोकणातील प्रत्येक मुसलमान कुटुंब त्या वसाहतीतूनच आले, असे नाही. कुणाचे पूर्वज याच मातीतले, कुणाचे समुद्रावरून आलेले, कुणाचे घाटावरून. पण आपल्या मुलाला कुणी कधी विचारले की, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ तर त्याने खाली मान घालण्याचे किंवा रागावण्याचे कारण नाही. कुंडलिकेच्या मुखाशी काय लिहिले गेले, हे त्याला ठाऊक असले म्हणजे पुरे. अज्ञानातून आलेल्या प्रश्नाला माहितीनेच उत्तर द्यावे.

आणि येथे आलेले आपण एकटेच नव्हतो. याच किनाऱ्यावर बेने इस्रायली यहुदी शेकडो वर्षे राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रोहेकर, चेउलकर ही त्यांच्यातील आडनावे आपल्या गावांवरूनच पडली. रेवदंड्याला त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले, पण मराठी बरोबर घेऊन गेले. रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास घोडा घेऊन चौललाच उतरला. पुढे जुन्नरला तेथील अधिकाऱ्याने त्याचा घोडा अडकवून ठेवला व धर्म बदलण्याची अट घातली, तेव्हा खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून तो सोडवून दिला, असे निकितिनने स्वतःच लिहिले आहे. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

१५२१ साली पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने रेवदंड्यास ठाणे बांधावयास घेतले. त्या कोटातील ‘सातखणी’ मनोरा आजही उभा आहे. पलीकडच्या तीरावरचा कोर्लईचा किल्ला त्यांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला, आणि १७४० साली ही ठाणी मराठ्यांकडे आली. राज्य गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली अजून बोलली जाते. चौलला रामेश्वराचे देऊळ आहे, जुन्या मशिदीचे व हमामखान्याचे अवशेष आहेत. मंदिर, मशीद, चर्च आणि यहुद्यांचे प्रार्थनामंदिर इतक्या थोड्या अंतरात पाहावयास मिळण्याची संधी फार थोड्या ठिकाणी असते.

पालकांना विनंती

हे सर्व एका दिवसात उरकू नये. हिवाळ्यातील एक रविवार भिऱ्याकडे आणि एक रविवार रेवदंड्याकडे, असे दोन भाग करावेत. कोलाडहून रेवदंडा पन्नासेक किलोमीटर आहे. सकाळी निघून मगरिबच्या आत घरी येता येते. शाळेच्या सहलीला एस. टी. महामंडळ भाड्यात सवलत देते, तेव्हा खर्चही बेताचा. निघण्यापूर्वी वर्गात नकाशा काढून घ्यावा आणि प्रत्येकाच्या हाती वही असावी. दुसऱ्याच्या धर्मस्थानात जाताना पादत्राणे, डोके झाकणे, शांतता याविषयी तेथील जो नियम असेल तो पाळावा. परवानगी नसेल तेथे आत जाऊ नये. किल्ल्याच्या भिंतीवर आपले नाव कोरू नये. चारशे वर्षे टिकलेला दगड आपल्या नावासाठी ठेवलेला नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. सहलीची यादी लागली की मुलांची नावे भराभर येतात आणि मुलींची मागे राहतात. ‘तिला कशाला पाठवायचे, काळजी वाटते’, असे आया-बाप म्हणतात. काळजी खरी आहे, म्हणून तर बरोबर शिक्षिका असतात आणि परतण्याची वेळ आधी कळविलेली असते. परंतु इतिहासाची प्रश्नपत्रिका मुलाला एक आणि मुलीला दुसरी अशी नसते. उद्या घरात मुलांना त्यांचे मूळ सांगणारी आई होणार आहे ती हीच मुलगी. तिने चौल पाहिलेले नसेल तर ती काय सांगेल?

तेव्हा पालकहो, यंदा यादीत मुलीचे नाव आपण होऊन द्या. आणि विद्यार्थिनींनो, तुम्ही परत आल्यावर चार पाने लिहून काढा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या नदीवरचा लेख शिक्षकाचा नसावा, तुमच्यापैकी एकीचा असावा, एवढीच इच्छा.