अंबरनाथचें शिवालय : काल व कर्ते

ठाणें जिल्ह्यांत वालधुनी नदीच्या कांठीं असलेलें अंबरनाथचें शिवालय आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. लोक त्यास कोणी पांडवकृत म्हणतात, कोणी हेमाडपंती म्हणतात. पहिल्या समजुतीचा विचार करण्याचें कारण नाहीं. दुसरीविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील पुरुष होय. आणि हें देवालय त्याच्या आधीं सुमारें दोनशें वर्षांचें आहे. हें कशावरून, तें येथें दाखवावयाचें आहे.

देवालयाच्या उत्तरद्वारावरील तुळईच्या आंतल्या अंगास एक संस्कृत शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच पदरीं राहून लेखांचे ठसे व नकला घेत असत. तेव्हां हें आश्रितानें आश्रयदात्याचें केलेलें संशोधन होय. वाद शतस्थानच्या एका अंकाचा, परंतु त्यानें अंतर पडतें तें दोन शतकांचें.

अंकाचा निर्णय केवळ अक्षरवळणावर सोंपवावा लागत नाहीं, हें आमच्या मतें विशेष महत्त्वाचें आहे. लेखांत उत्तर कोंकणच्या शिलाहार वंशांतील महामंडलेश्वर माम्वाणिराज याचें राज्य सांगितलें असून हें भवन छित्तराजदेवाचें असल्याचा निर्देश आहे. छित्तराजाचा चुलता अरिकेसरी याचा ठाण्याचा ताम्रपट शके ९३९ चा. खुद्द छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा. आणि छित्तराजाचा धाकटा भाऊ मुम्मुणि, म्हणजेच हा माम्वाणि, याचा ताम्रपट शके ९७० चा आहे. या तीन साक्षी एका ओळींत ठेविल्या म्हणजे शके ७८२ ला जागाच उरत नाहीं. एका शिलेवरील संशय तीन ताम्रपट फेडतात.

आतां वास्तूची साक्ष पाहूं. देवालय पश्चिमाभिमुख, काळ्या पाषाणाचें आहे. सभामंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण या तीन दिशांस मुखमंडप आहेत. गाभारा मंडपाहून बराच खोल असून त्यांत पायऱ्यांनीं उतरावें लागतें. शिखराचा वरचा भाग आज नाहीं. परंतु जो उरला आहे त्यावरून तें भूमिज जातीचें होतें हें स्पष्ट दिसतें. या जातींत चारी बाजूंस मधोमध एकेक लतेसारखा उभा पट्टा चढत जातो व त्यांच्या मधल्या जागेंत लहान शिखरांच्या प्रतिकृती वर वर आंखूड होत रांगेनें बसविलेल्या असतात.

माळव्यांत उदयपूर येथें परमार उदयादित्यानें बांधविलेलें उदयेश्वराचें देवालय याच जातीचें आहे. त्याचा आरंभ विक्रम संवत् १११६ (इ. स. १०५९) मध्यें होऊन संवत् ११३७ (इ. स. १०८०) मध्यें त्यावर ध्वज चढला. शके ७८२ खरा मानल्यास हें शिल्प माळव्याच्या दोनशें वर्षें आधीं कोंकणांत पूर्णत्वास पोंचलें होतें असें म्हणावें लागेल. शके ९८२ मानल्यास कोंकण व माळवा हे दोन्ही प्रांत एकाच काळीं एकच पद्धति चालवीत होते असें ठरतें, व तेंच सयुक्तिक दिसतें.

कर्तृत्वाविषयींही एक दुरुस्ती अवश्य आहे. देवालय मुम्मुणीनें बांधलें, असें सरसकट लिहिलें जातें. लेखांत छित्तराजाचें नांव स्पष्ट असतां त्याचा वांटा असा गाळणें न्याय्य नव्हे. वडील भावाच्या नांवाचें भवन धाकट्याच्या राज्यांत सिद्धीस गेलें, एवढेंच लेखाच्या आधारें म्हणतां येतें, व तेवढेंच म्हणावें.

इ. स. १८६८ मध्यें सरकारच्या हुकुमावरून या देवालयाचे नकाशे व कोरीव कामाचे साचे घेण्यांत आले. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. पाषाण झिजतो, व ७ आणि ९ यांतील भेद तर एका रेषेचा. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, या लेखाचा जुना ठसा अथवा देवालयाचें जुनें चित्र कोणापाशीं असल्यास तें कपाटांत पडूं न देतां त्याची नक्कल अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावी.