‘प्रिन्स’ नसीम हमीद : ३७ लढती, ३१ नॉकआउट आणि एक हार

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या घरांत पहिले नाव निघते ते मुहम्मद अली यांचे. त्यानंतर बहुतेकांना माइक टायसन आठवतो. पण हल्ली आमच्या वर्गातली पोरं मोबाइलवर आणखी एकाचे व्हिडिओ बघतात. बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी घातलेला एक बुटका जवान दोरावरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरतो, हात खाली सोडून नाचतो आणि पुढच्या क्षणी समोरचा आडवा झालेला असतो. “सर, हा मुसलमान आहे ना?” पोरं विचारतात. हो, आहे. नाव नसीम हमीद. मात्र व्हिडिओत त्याची अर्धीच गोष्ट दिसते. राहिलेली अर्धी पालकांनाही माहीत असावी, म्हणून ही माहिती.

थोडक्यात ओळख

जन्म : १२ फेब्रुवारी १९७४, शेफील्ड, इंग्लंड
आईवडील : मूळचे येमेनचे
वजनगट : सुरुवातीला बँटमवेट, नंतर फेदरवेट (१२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो)
व्यावसायिक कारकीर्द : १९९२ ते २००२
लढती : ३७, विजय ३६, त्यांतले ३१ नॉकआउटने, पराभव १

नॉकआउट म्हणजे नेमके काय?

पडलेला खेळाडू पंचाने दहा मोजेपर्यंत उठला नाही तर तो नॉकआउट. खेळाडू उभा आहे पण स्वतःचा बचाव करू शकत नाही, असे दिसल्यावर पंचाने लढत थांबवली तर त्याला तांत्रिक नॉकआउट म्हणतात. कारकिर्दीच्या आकड्यांत हे दोन्ही एकाच रकान्यात धरतात. विजेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची असते, प्रत्येक फेरी ३ मिनिटांची. नॉकआउट झाला नाही तर तीन परीक्षक गुणांवर निकाल देतात.

मुहम्मद अली यांनी ६१ लढतींत ३७ नॉकआउट केले. नसीमने ३७ लढतींत ३१. अली हेवीवेट होते, हा गडी ५७ किलोचा. आमच्या दहावीच्या वर्गातही एवढ्या वजनाची पोरं सापडतील. छोट्या वजनगटांत ठोशांची गती जास्त आणि जोर कमी असतो, म्हणून तिथे इतके नॉकआउट सहसा दिसत नाहीत.

शेफील्ड आणि वस्ताद

शेफील्ड हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. या कारखान्यांत राबायला येमेनमधून बरेच लोक गेले आणि तिथेच स्थायिक झाले. नसीमच्या वालिदांचे विंकोबँक भागात किराणा दुकान होते. त्याच भागात चर्चच्या सभागृहात ब्रेंडन इंगल नावाचे आयरिश गृहस्थ पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. बसमधून जाताना शाळेच्या आवारात तीन मोठ्या पोरांना एकटा भिडणारा एक लहानगा आपल्याला दिसला, असे ते नेहमी सांगत. वयाच्या सातव्या वर्षी नसीम त्यांच्याकडे जायला लागला.

आपल्याकडे तालमीत ज्यांना वस्ताद म्हणतात, तसेच इंगल होते. त्यांच्या जागेत जमिनीवर रेघा आखलेल्या असत. पोरांनी त्या रेघांवरून तासन् तास पाय टाकायचे: पुढे, मागे, बाजूला, कधी डावा पाय पुढे तर कधी उजवा. ठोसा कसा मारायचा याच्या आधी ठोसा कसा चुकवायचा, हे शिकायचे. नसीमचे हात खाली सोडून नाचणे नुसती मस्ती वाटते, पण त्यामागे या रेघांवर घालवलेली वर्षे होती. समोरच्याचा ठोसा हवेत गेला की त्याचा तोल सुटायचा आणि नसीमचा डावा हात बरोबर त्याच क्षणी पोचायचा. या नॉकआउटची सुरुवात पायांपासून व्हायची.

चढती वर्षे

एप्रिल १९९२ मध्ये, १८ वर्षांचा असताना, त्याने पहिली व्यावसायिक लढत दुसऱ्या फेरीत जिंकली. मे १९९४ मध्ये इटलीच्या विन्चेन्झो बेलकास्त्रोला गुणांवर हरवून तो युरोपचा बँटमवेट विजेता झाला. ३० सप्टेंबर १९९५ रोजी कार्डिफला, प्रतिस्पर्ध्याच्याच शहरात, उघड्या मैदानावर त्याने स्टीव्ह रॉबिन्सनला आठव्या फेरीत हरवले आणि डब्ल्यूबीओ संघटनेचे फेदरवेट विश्वविजेतेपद घेतले. वय २१.

पुढच्या मार्चमध्ये ग्लासगोला सईद लावलशी झालेली लढत ३५ सेकंदांत संपली. फेब्रुवारी १९९७ मध्ये लंडनला त्याने आयबीएफचा विजेता टॉम जॉन्सन याला आठव्या फेरीत हरवले. डिसेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केव्हिन केलीसमोर तो अमेरिकेत पहिल्यांदा उतरला. त्या रात्री नसीम तीनदा पडला, केलीही तीनदा पडला आणि चौथ्या फेरीत केली उठू शकला नाही. ही लढत आजही आवर्जून बघितली जाते.

तो जाहीरपणे अल्लाहचे नाव घ्यायचा, येमेनी असल्याचे अभिमानाने सांगायचा. येमेनने त्याच्या छायाचित्राचे टपाल तिकीट काढले. इंग्लंडमधल्या आशियाई आणि अरब पोरांना त्या काळात रस्त्यावर बरेच ऐकून घ्यावे लागे. त्यांच्यासाठी हा पोरगा काय होता, हे आपण समजू शकतो. १९९९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला एमबीई हा किताब दिला.

वस्तादांशी फारकत

१९९८ च्या अखेरीस नसीम आणि इंगल वेगळे झाले. पैशातला वाटा हे एक कारण होते, आणि शिस्त हे दुसरे. शागीर्द आता पूर्वीसारखी मेहनत करत नाही, ही इंगल यांची तक्रार होती. नसीमला वाटत होते की आपल्या कमाईतून वस्ताद जास्त घेतात. कोण किती बरोबर, याचा निवाडा आम्ही करणार नाही. आकडे मात्र मांडतो.

इंगल यांच्यासोबत : ३१ लढती, ३१ विजय, २८ नॉकआउट.
त्यांच्यानंतर : ६ लढती, ५ विजय, ३ नॉकआउट, १ पराभव.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेवटच्या वर्षांत समोरचे खेळाडूही तगडे होते आणि हात दुखावलेले होते, म्हणून सगळा फरक वस्तादांच्याच खाती टाकता येणार नाही. नवे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड हे अमेरिकेतले नामवंत होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये डेट्रॉइटला सेसार सोतोकडून नसीमने डब्ल्यूबीसीचा किताबही जिंकला, पण गुणांवर. पायांची जुनी चपळाई कमी होत गेली आणि एका ठोशावरचा भरवसा वाढत गेला, असे जाणकारांचे म्हणणे पडले.

लास वेगासची रात्र

७ एप्रिल २००१ रोजी समोर मेक्सिकोचा मार्को अँतोनियो बरेरा होता. नसीमच जिंकणार, असे बहुतेकांना वाटत होते. पण त्याचे वजन बरेच वाढलेले होते आणि सरावाचा मोठा भाग ते उतरवण्यात गेला. त्या रात्री दोरावरून कोलांटीही नव्हती. बरेराने घाई केली नाही. नसीमच्या डाव्या हातापासून दूर सरकत तो फेरीमागून फेरी साधे, नेमके ठोसे देत राहिला. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांनी बरेराला विजयी ठरवले: ११५-११२, ११५-११२, ११६-१११.

मे २००२ मध्ये लंडनला मानुएल काल्वोविरुद्ध नसीम गुणांवर जिंकला. त्यानंतर तो रिंगमध्ये उतरला नाही. वय होते अवघे २८.

रिंगबाहेर

मे २००५ मध्ये शेफील्डमध्ये बेफाम वेगाने ओव्हरटेक करताना त्याच्या मोटारीने समोरून येणाऱ्या मोटारीला धडक दिली. त्यातला चालक गंभीर जखमी झाला. नसीमने गुन्हा कबूल केला, २००६ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली आणि नंतर एमबीई किताब काढून घेण्यात आला. आपला माणूस म्हणून आम्ही हे झाकणार नाही. त्याच्या विजयांचा अभिमान बाळगायचा, तर जखमी झालेल्या त्या माणसालाही विसरता येणार नाही.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. २०१८ मध्ये ब्रेंडन इंगल वारले. गुरू-शिष्यातली पूर्वीची जवळीक काही परत आली नव्हती.

पालकांसाठी

मुलगा-मुलगी बॉक्सिंग शिकायचे म्हणत असेल तर नुसत्या नॉकआउटच्या व्हिडिओवर थांबू नका. केलीची लढत दाखवा आणि बरेराचीही दाखवा, पूर्ण बारा फेऱ्या. मग विचारा, दोन्हींत नसीमचे पाय कुठे होते? आम्ही वर्गात विचारले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “सर, दुसऱ्यात तो जागच्या जागी उभा राहून नुसती वाट बघतोय.” त्याला बरोबर दिसले होते.