कलेजीवरच्या चिरेची कुळकथा

भाईंदर किंवा मीरा रोडच्या मटणाच्या दुकानात कलेजी मागितली, की जाणता खाटीक आधी ती फळीवर उलटी टाकून अंगठ्याने दाबून पाहतो. निरोगी कलेजी तकतकीत, तपकिरी-लाल, कडा धारदार. पित्तनळ्या पांढरट आणि दोरीसारख्या जाड दिसल्या तर तो तिथे चीर देतो. आतून पानासारखा चपटा, करड्या-तपकिरी रंगाचा किडा सरकत बाहेर येतो. हा पर्णकृमी, म्हणजेच लिव्हर फ्लूक. आपल्याकडे सापडणारी जात फॅसिओला जायगँटिका. ती सात सेंटिमीटरपर्यंत वाढते.

मेंढपाळांना हा किडा फार जुना. फ्रान्समध्ये जाँ द ब्री याने 1379 साली त्याच्याबद्दल लिहून ठेवलं, पण खापर फोडलं ते एका वनस्पतीवर. 1879-80 च्या ओल्या हंगामात इंग्लंडात लाखो मेंढ्या दगावल्या, तेव्हा ऑक्सफर्डच्या ऑल्जर्नन थॉमस या तरुणाने शोध हाती घेतला. त्याने आणि जर्मनीत प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, 1882-83 च्या सुमारास सगळा प्रवास उलगडला. लेंडीतलं अंडं पाण्यात फुटतं, अळी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडतात आणि गवताच्या पात्यावर कोष करून बसतात. ते गवत पोटात गेलं की पिल्लू-कृमी आतडं भेदून यकृत गाठतो आणि कित्येक आठवडे ते पोखरत पित्तनळीत पोचतो.

चिरेमागचं शास्त्र पक्कं झालं जर्मनीत. रॉबर्ट फॉन ओस्टरटाग यांचा मांसतपासणीचा ग्रंथ 1892 चा, तिथला कायदा 1900 चा. मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली सुरू झालं आणि देवनारचा कत्तलखाना 1971 साली. 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार कत्तलीपूर्वी एका डॉक्टरने तासाला बाराहून जास्त जनावरं तपासायची नाहीत. पण जिवंत बोकडात डोळ्यांचा फिकेपणा किंवा जबड्याखाली उतरलेलं पाणी एवढंच दिसतं, तेही रोग बळावला असेल तर. खरं उत्तर चिरेतच.

शिजवलेली कलेजी खाल्ल्याने हा किडा माणसाला लागत नाही. तरी खराब कलेजी दुकानामागच्या कुत्र्यांना टाकणं घातक आहे, कारण त्याच यकृतात पाण्याच्या गाठी असल्या तर त्यांतला फीतकृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याची अंडी माणसापर्यंत पोचतात. त्या गाठी मग माणसाच्या यकृतात होतात.

मला चिरेचा खरा उपयोग वाटतो तो उलट दिशेने. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, कापणी झालेल्या भातखाचरांत कळप बसवतात. तिथेच ओल असते आणि गोगलगायीही. बोकड तर राजस्थान-गुजरातहूनही येतात. टाकून दिलेल्या प्रत्येक कलेजीपुढे वहीत त्या जनावराचा बाजार आणि गाव लिहिलं गेलं, तर कुठल्या तळ्याकाठच्या कळपाला औषध पाजायचं ते तिथल्या पशुवैद्यकाला पुढच्या पावसाळ्याआधीच कळेल.